आठाच्या अलीकडे

जुगाराची जोखीम मोजावयास बसलेला मनुष्य जुगाऱ्याबरोबर त्याच्या गोतावळ्याचीही मोजदाद करीत असतो, ही गोष्ट प्रश्नावल्या हाताळता हाताळताच माझ्या ध्यानात आली. कॅनडात फेरिस आणि विन यांनी २००१ साली सिद्ध केलेली ९ प्रश्नांची मापनश्रेणी मी नित्य वापरतो. तीत प्रत्येक उत्तरास ० ते ३ गुण, ३ ते ७ ही मध्यम जोखीम, आणि बेरीज ८ झाली की इसम समस्याग्रस्त या सदरात दाखल होतो. प्रश्न गत बारा महिन्यांविषयीचे असतात. परंतु मटक्याचा आकडा लावणाऱ्यास ‘मागल्या दिवाळीपासून’ असे म्हटल्याखेरीज नेमके काही आठवत नाही.

हरलेला पैसा वसूल करण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात काय, या प्रश्नास पुष्कळ जण बेधडक ‘नेहमीच’ म्हणतात. त्यात लपविण्याजोगे त्यांना काहीच वाटत नाही. खरी मेख आहे ती लोकांच्या टीकेविषयीच्या प्रश्नात. एकत्र कुटुंबातल्या कारकुनास आई, थोरला भाऊ आणि पत्नी मिळून पुरे ३ गुण सहज मिळवून देतात. पण भाड्याच्या खोलीत राहून खानावळीत जेवणाऱ्यास बोल लावणार कोण? तो ‘कधीच नाही’ म्हणतो, आणि खरेच सांगतो. खेळ दोघांचा सारखाच. तरी एक आठाच्या पलीकडे जातो, दुसरा अलीकडे राहतो.

न्यूयॉर्क राज्यातील साउथ ओक्स रुग्णालयात लेझ्यूर आणि ब्लूम यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या जुन्या प्रश्नावलीची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या २० गुणांपैकी ९ गुण केवळ पैसा कोठून उभा केला यावर अवलंबून : घरखर्च, नातलग, सावकार, त्याचप्रमाणे बँक, क्रेडिट कार्ड, रोखे, न वटणारे धनादेश! ज्याची पत सावकाराच्या उंबरठ्यापलीकडे पोहोचत नाही, त्यास यांतले कित्येक गुण मिळणेच अशक्य. आणि बुकीकडील उधारीची चौकशी होते खरी, पण तिला गुण मुळीच नाही.

म्हणून एकट्या माणसाची बेरीज ६-७ वर अडली की टीकेचा प्रश्न बाजूस ठेवून मी उरलेली उत्तरे पुन्हा वाचतो. श्रेणी बदलण्याचा अखत्यार मला नाही, तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात ‘मध्यम’ हेच लिहितो. मात्र वसुलीच्या आणि वाढत्या रकमेच्या प्रश्नांना ३-३ गुण असतील, तर पुढची भेट महिन्यावर न ढकलता त्याच आठवड्यात ठेवतो.