तंबूत उकडलं तरी...

मंडळी, कर्वेनगरहून पानशेत काही फार लांब नाही. मे महिन्यात आम्ही तीन कुटुंबं दोन रात्री धरणाच्या काठी तंबूत राहिलो, सकाळ-संध्याकाळ कयाक वल्हवली. रात्री पुतण्या म्हणाला, "काका, आत उकडतंय, मी बाहेर सतरंजीवर झोपतो." मी नाही म्हटलं.

कारण मण्यार. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. फारसं दुखत नाही, सूज येत नाही, बऱ्याचदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ, उलटी आणि मग पापण्या मिटायला लागल्या, तर पित्त समजून सोडा पीत बसू नका (बरेच जण तेच करतात). दोरी आवळू नका, काप देऊ नका. लगेच रुग्णालय गाठा. प्रतिविष लागतं, श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटरही. वेळेत पोचलेला माणूस वाचतो.

तंबूची चेन रात्रभर लावलेलीच ठेवा.