नट नव्हे, पाचर धरते

लेकीच्या सायकलचा क्रँक महिन्यात तिसऱ्यांदा ढिला झाला. दर वेळी मी पान्याने नट आवळून मोकळा. मागच्या आठवड्यात शाळेच्या चढावर पायडल कचकन घसरलं नि पोरगी पडली. गुडघा फुटला. चूक माझीच.

संध्याकाळी कॉटर ठोकून काढला. सपाट बाजूला खाच पडलेली. कॉटर म्हणजे शेवटी पाचरच, कुऱ्हाडीच्या दांड्यात मारतो तशी. पकड पाचरीची, नट फक्त तिला मागं सरकू देत नाही. मी नुसता नटच आवळत बसलो होतो.

जुना कॉटर नमुन्याला नेला, त्याच जाडीचा नवा आणला. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकवला, नाहीतर हातोडीचा मार आतल्या छर्‍यांवर जातो. आधी ठोकला, मग नट. दोन्हीकडचे कॉटर उलटसुलट बसतात, तसे नसले तर पायडल एका रेषेत येत नाहीत.

दोन दिवस चालवल्यावर पुन्हा ठोकून नट आवळला. आता हलत नाही.

क्रँकचं भोकच मोठं झालं असेल तर मात्र क्रँकच बदला. पोर पडायची वाट बघू नका.