नानांचा दुपारचा डाव

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधारी व्यक्ती संगणकावर पत्ते खेळत असेल, तर आपण कधी पाच मिनिटे शेजारी बसून तो खेळ पाहिला आहे का? मी कित्येक वर्षे पाहिला नव्हता.

माझे वडील, नाना, धुळ्याला भावाकडे राहतात; मी जळगावला. पंधरा दिवसांतून एकदा एरंडोल-पारोळ्यावरून जाणाऱ्या एस. टी.ने त्यांना भेटायला जाते. खानदेशच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नाही. पूर्वी त्या वेळी आमच्या ओसरीवर मेंढीकोट रंगत असे. मेंढीकोटाला चार गडी लागतात. एकेक करून तिघे निघून गेले आणि नाना संगणकावरच्या सॉलिटेअरकडे वळले. जेवण, वामकुक्षी, दोन डाव आणि मग चहा. आई गेल्यानंतरही हा क्रम त्यांनी मोडू दिला नाही.

हा खेळ विंडोजबरोबर १९९० पासून घरोघरी पोहोचला. माउसने पत्ता उचलून दुसरीकडे नेऊन ठेवता ठेवता अनेकांचा हात माउसवर बसला. नानांचाही तसाच बसला. मध्यंतरी भाच्याने मोबाइलवर पत्त्यांचा एक खेळ घालून दिला होता. पण डाव संपला की जाहिरात येई, थरथरते बोट भलतीकडे लागे आणि अनोळखी पान उघडे. नानांनी मोबाइल बाजूला ठेवला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे पाठबळ संपले. नानांचा जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. नवा घ्यायचा, तर तो केवळ पत्त्यांसाठी? तेव्हा भाच्याने लिनक्स सुचवले. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा पाया घातला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी ते वाढवले. आपल्याकडे सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाची लिनक्सप्रणाली तयार केली आहे. आम्ही ‘लिनक्स मिंट’ निवडले. त्याची मांडणी विंडोजच्या सवयीच्या माणसाला परकी वाटत नाही. २ जीबी मेमरीवर ते चालते, ४ जीबी असेल तर सुखाने चालते. मेनू मराठीत करता येतात. काही शब्द मात्र इंग्रजीतच राहतात.

नाना वामकुक्षी घेत असताना आम्ही हे सारे उरकले. फोटो आधी दुसरीकडे उतरवून घेतले, पण नानांना विचारले नाही. त्यांना आनंदाचा धक्का द्यावा, असे मनात होते. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयलरायट’ हा पत्त्यांचा संच विनामूल्य घेतला. त्यात सॉलिटेअरसारखे ऐंशीहून अधिक डाव आहेत, आणि जाहिरात एकही नाही. बाण मोठा केला. दोनदा टिचकी मारण्याचा वेग कमी केला, म्हणजे सावकाश बोटांनाही ती जमावी.

काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. “ताई, नानांनी खेळ सोडलाय. दुपारी नुसते बसून असतात.”

मला वाटले, माझ्यावर रुसले. मग वाटले, लिनक्सच नको होते. पुढच्या भेटीत मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटले, “नाना, एक डाव दाखवा ना.” त्यांनी दोन-तीन पत्ते हलवले आणि थांबले. म्हणाले, “पत्ते मळके दिसतात गं.” मी पत्त्यांचा संच बदलला, पडदा उजळ केला. तरी मळकेच. मग भिंतीकडे पाहून म्हणाले, “हिलाही रंग द्यायला झालाय, पिवळी पडलीय.”

ती भिंत दिवाळीतच पांढरी रंगवली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डोळ्यातील भिंग हळूहळू पिवळसर आणि धूसर होत जाते. बदल इतका सावकाश होतो की माणसाला आपली नजर नव्हे, जगच मळल्यासारखे वाटते. नव्या पत्त्यांमुळे एवढेच झाले की त्याबद्दल बोलायला एक निमित्त मिळाले. जुनाच खेळ असता, तर नाना कदाचित आणखी वर्षभर गप्प राहिले असते.

म्हणून दोन-तीन गोष्टी सांगते. लिनक्स पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, आधी चालवून पाहता येते. ते ज्येष्ठांच्या समोर, त्यांच्या हाती माउस देऊन पाहा. ‘हो’ म्हणाले तरच पुढे जा. सुडोकू, माहजोंग, बुद्धिबळ हे सगळे तेथे आहे. नातवंडांचे काही ऑनलाइन चढाओढीचे खेळ मात्र त्यावर चालत नाहीत, हे आधीच सांगून ठेवा. डावांच्या मध्ये उठवा, पाणी द्या, नजर लांब न्यायला सांगा.

खेळाने स्मृतिभ्रंश टळतो, अशा जाहिरातींना भुलू नका. असेच दावे केल्याबद्दल अमेरिकेत ‘लुमॉसिटी’ या खेळाच्या कंपनीला २०१६ मध्ये २० लाख डॉलर मोजावे लागले. नानांना या डावांनी दिले ते साधे आहे: दुपारला एक आकार, आणि स्वतःच्या हाताने काही जिंकण्याचे सुख.

आणि रोजचा खेळ एकाएकी थांबला, तर ‘लहर’ म्हणून सोडून देऊ नका. डोळे, हात, मन यांपैकी काहीतरी दुखत असेल. त्यांना विचारा, आणि गरज वाटल्यास डॉक्टरांना दाखवा.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दुपारी नाना संगणकासमोर बसले. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि मला विचारले, “पत्ते कोणी धुतले गं?”