पंचाची शिट्टी

मराठीचा प्राध्यापक म्हणजे कोणत्याही कामाला मोकळा माणूस, अशी आमच्या कॉलेजात समजूत आहे. म्हणून गेल्या वर्षी कबड्डीच्या सामन्यांत पंचाची शिट्टी माझ्या गळ्यात पडली.

एक मुलगा चढाईला गेला. नुकताच तमिळनाडूतून आलेला. मराठीचा गंध नाही. गडी टिपून परततो आहे, तोच त्याचा पाय कडेच्या रेषेबाहेर पडला. मी शिट्टी फुंकली, हात केला. तो मोडक्यातोडक्या हिंदीत काही विचारू लागला. “बाद म्हणजे बाद!” मी शुद्ध मराठीत गरजलो. तो मुकाट्याने बाहेर गेला. पुढच्या सामन्याला आलाच नाही.

रात्री ही हकीकत घरी सांगितली. वाढता वाढता सौभाग्यवती म्हणाल्या, “तुमचं बरोबरच असेल हो, पण त्याला ते कळलं का?”

घास घशातच राहिला. मला १९६६ सालचा वेम्बलीचा सामना आठवला. जागतिक फुटबॉल स्पर्धेत इंग्लंड आणि अर्जेंटिना समोरासमोर. पंच रुडॉल्फ क्राइटलाइन जर्मन. त्यांना स्पॅनिश येत नव्हते. अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला जर्मन येत नव्हते. पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले. तो कितीतरी मिनिटे जागचा हलेना. ‘मी दुभाषा मागत होतो,’ असे त्याचे म्हणणे. इंग्लंडने सामना १-० असा जिंकला. पण अन्यायाची सल अर्जेंटिनाच्या मनात वर्षानुवर्षे राहिली.

स्पर्धेतील पंचांचे प्रमुख केन ॲस्टन यांना मात्र या गोंधळाने अस्वस्थ केले. लंडनच्या रस्त्यावरील वाहतुकीचे दिवे पाहून त्यांना युक्ती सुचली. पिवळे म्हणजे ताकीद, तांबडे म्हणजे बाहेर! १९७० च्या मेक्सिकोतील स्पर्धेपासून पंचांच्या खिशात ही कार्डे आली. रंगाला दुभाषा लागत नाही.

पण रंग सांगतो तो निकाल; कारण सांगत नाही. आणि माणसाला निकालापेक्षा कारणाची भूक अधिक असते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मैदानावर नेले. फक्कीची रेषा दाखवली. स्वतःच पाय टाकून चूक करून दाखवली. तो हसेल असे वाटले होते. तो हसला नाही. हिंदीत म्हणाला, “पाय गेला असेल, सर. पण तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत.”

त्या संध्याकाळी टेबलावर चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. प्रत्येकीवर माझ्या तांबड्या शाईतला एकेक आकडा. खाली एक अक्षर नाही. इतकी वर्षे मी वर्गातही नुसती शिट्टीच फुंकत आलो होतो! गठ्ठा पुन्हा उघडला, आणि पहिल्या आकड्याखाली एक ओळ लिहिली.