पाणी उतरल्यावर

जुलै-ऑगस्टमध्ये इंदापूर तालुक्यात दोन माणसं भेटली की ‘किती झाली?’ हा प्रश्न आधी येतो आणि रामराम नंतर. कशाबद्दल विचारलंय हे सांगावं लागत नाही. पुण्याकडच्या धरणांतून पाणी सुटलं, दौंडला भीमेचा विसर्ग वाढला, की उजनी धरणाची टक्केवारी घरोघर मोबाइलवर फिरू लागते. शंभरी गाठली की ऊसवाल्याला, केळीवाल्याला, खालच्या सोलापूरकराला हायसं वाटतं. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात ते साहजिकच आहे.

बारामतीत राहणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षकही हा आकडा रोज बघतात. तो खाली कधी यायला लागेल, याची ते वाट पाहत असतात. मूळ गावाकडे सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, भावकीत ते अण्णा. एका लग्नात पंगतीला बसल्यावर पुतण्याने त्यांना ऐकवलंच, “अण्णा, तुमच्या पाखरांपायी आमचा ऊस वाळवता का काय?” सगळे हसले, अण्णाही हसले. पुतण्याचं काही चुकत नव्हतं. पाखरांचंही नव्हतं.

काठावरच्या पक्ष्यांचं सगळं गणित पाण्याच्या खोलीवर चालतं. टिलव्यासारख्या चिमुकल्या पक्ष्याला नुसता ओला चिखल लागतो. शेकाट्याचे लाल पाय लांबलचक, म्हणून तो वीतभर पाण्यातही चालतो. पाणटिवळ्याची सरळ लांब चोच चिखलात खोल जाऊन तिथल्या अळ्या नि किडे काढते. एकाच पट्ट्यावर शेजारी शेजारी चरूनही त्यांची भांडणं कमी होतात, कारण प्रत्येकाचं ताट वेगळ्या खोलीवर वाढलेलं असतं. पूर्ण भरलेल्या उजनीत मात्र हे ताटच नसतं. पाणी थेट वेड्या बाभळींना आणि उसाच्या बांधाला भिडलेलं असतं. पाणकावळे, बदकं सोडली तर बाकीच्यांना पाय टेकायला जागा नाही. ज्या वर्षी पाणी उतरायला वेळ लागतो, त्या वर्षी फ्लेमिंगोही उजनीकाठच्या भिगवणला उशिरा येतात, आणि ‘परदेशी पाहुणे लांबले’ अशा बातम्या सुरू होतात.

उजनीचं धरण आहे सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. ते 1980 मध्ये पूर्ण झालं. जलाशयाला यशवंतसागर असं नाव मिळालं आणि त्याचं पाणी माढा, करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंड अशा तालुक्यांत शिरलं. एकूण साठा 117 टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे 63 टीएमसीच्या वर, मृतसाठा. टक्केवारी काढतात ती उरलेल्या उपयुक्त साठ्यावर. म्हणून इथे शून्याच्या खालीही पाणी असतं आणि उन्हाळ्यात ‘उणे वीस’, ‘उणे तीस’ असे आकडे लोक सहज बोलतात. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ तेव्हा पाण्याबाहेर आलं आणि लोक गाड्या करून ते बघायला गेले.

गुरुजी गेले ते देवळाच्या पलीकडचं बघायला. त्यांचं जन्मगाव याच पंचक्रोशीतलं. धरणात पाणी साठू लागलं तेव्हा ते हायस्कूलात होते. पाणी एका रात्रीत आलं नाही. आधी नदीकाठची मळई गेली, मग विहीर, मग वाट. घरच्यांनी वासे-तुळया उतरवून बैलगाडीतून वरच्या नव्या गावठाणात नेल्या. पाण्यात उभी राहून वाळलेली बाभळीची झाडं पुढे कित्येक वर्षं तशीच होती, आणि त्यांच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असायचे. नदीवर चार-दोन दिसणारी ही पाखरं आता ओळीनं दिसत होती. पण त्या वयात त्यांच्याकडे कौतुकानं बघायची घरात सोय नव्हती. ज्या पाण्यानं रान नेलं, त्या पाण्यावरच्या पाखरांचं कौतुक कोण करणार?

डी.एड. झाल्यावर नोकरी लागली ती बारामती तालुक्याच्या जिरायती भागात, सुप्याच्या बाजूला. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झालं. पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं हे माळरान चिंकारांसाठी राखलेलं आहे. शाळेच्या कपाटात सलीम अलींचं पुस्तक होतं आणि वाचनालयात मारुती चितमपल्ली. सोलापुरात जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने पक्ष्यांची मराठी नावं अशी काही घरात आणून ठेवली की गुरुजींना माळावरचा चंडोल नि पाणवठ्यावरचा धोबी नव्याने दिसू लागले. पाचव्या वेतन आयोगाचा फरक मिळाला तेव्हा त्यांनी दुर्बीण घेतली. “फरकात लोक फ्रीज घेतात,” हे पत्नीचं, म्हणजे बाईंचं, वाक्य घरात अजून अधूनमधून निघतं.

दुर्बीण आली आणि गुरुजी वीस-पंचवीस वर्षांनी जुन्या पाण्याकडे वळले. बारामतीहून भिगवण तासाभराच्या आत. तिथून कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी. एव्हाना मासेमारी करणाऱ्या घरांतली पोरं होड्यांतून पक्षी दाखवू लागली होती. पहाटे चिलापीची जाळी काढायची, आठ वाजता पुण्याची मंडळी घेऊन पुन्हा पाण्यात जायचं. पुस्तक न बघता त्यांना सगळं ठाऊक. कुठला कुरव कुठे बसतो, वारा कुठून सुटला की थवा कुठे सरकतो, फ्लेमिंगोच्या किती जवळ होडी नेली की माना वर होतात.

या माना खाली असतात तेव्हाच बघण्यासारख्या. फ्लेमिंगो चरतो तो डोकं उलटं करून. वरची चोच खाली येते. जीभ दट्ट्याप्रमाणे पुढे-मागे करत तो पाणी आत घेतो आणि चोचीच्या कडेच्या दातेरी गाळणीतून बाहेर टाकतो. शेवाळ, किडे, बारीक जीव आत राहतात, आणि त्यातल्याच रंगद्रव्यांनी पिसांना गुलाबी छटा येते. मधूनच एखादा पक्षी एका जागी पाय आपटू लागतो आणि आपटता आपटता स्वतःभोवती फिरतो. चिखल ढवळून वर आला की मान पुन्हा पाण्यात. थवा उडाला की रिकाम्या चिखलात ही गोल वर्तुळं उरतात. होडीवाला पोरगा एकदा म्हणाला, “गुरुजी, ह्यांनी बी गाळपेर केलीय.”

पोरगं गमतीनं बोललं, पण गाळपेर ही इथली खरीखुरी शेती आहे. पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पेरा होतो. कितीदा तरी ती आपल्याच आजोबांची बुडालेली रानं असतात. ओला चिखल आधी पक्ष्यांचा, तो वाफशाला आला की माणसांचा. त्याच वेळी वरच्या उसाला पाणी देणाऱ्यांच्या मोटारी पाण्यामागे धावत असतात. पाणी दहा-वीस पावलं हटलं की पाइप जोडा, केबल वाढवा, मोटार पुढे न्या. एका सकाळी गुरुजींनी एकाच चौकटीत तिघांना पाहिलं. पुढे उथळ पाण्यात चमच्यांचा थवा चोची डावी-उजवीकडे फिरवत होता, मागे गुडघाभर चिखलातून दोघे भाऊ मोटार ओढत होते, आणि त्यांच्या पायांनी उठवलेल्या किड्यांवर बगळे टपले होते.

निवृत्तीनंतर मुलाने आई-वडिलांना अंदमानला पाठवलं. मराठी माणसाप्रमाणे ते आधी सेल्युलर जेलमध्ये गेले, सावरकरांच्या कोठडीपुढे उभे राहिले आणि मग समुद्राकडे. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड दिसला, खडकावर बसलेला काळपट समुद्रबगळा दिसला, ओहोटीच्या पुळणीवर बाकदार चोचीचा कुरलव चालताना दिसला. आणि त्याच्या पलीकडे पाण्याच्या रेषेवर शेपूट खालीवर हलवत एक लहानसा तपकिरी पक्षी निघाला होता. गुरुजींनी दुर्बीण लावली. तुतारी. कुंभारगावच्या धक्क्यावर हिवाळाभर असते तीच. बाई म्हणाल्या, “हिच्यासाठी विमानाचं तिकीट काढलं होय?”

पण त्या पुळणीवर बसून त्यांना घरच्या पाण्याचं एक कोडं उलगडलं. समुद्र दिवसातून दोनदा मागे हटतो आणि काठाच्या पक्ष्यांना दोनदा पंगत वाढतो. उजनी आहे समुद्रसपाटीपासून जवळपास 500 मीटर उंचीवर आणि अरबी समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर. तिथेही हीच पाखरं उतरतात, कारण तिथेही ओहोटी असते. फक्त ती दिवाळीनंतर लागते आणि मृगापर्यंत चालते. ओहोटी कधी लागणार हे चंद्र ठरवत नाही. कालवा सल्लागार समितीची बैठक ठरवते. रब्बीचं आवर्तन सुटलं की भिगवणला चिखल उघडा पडतो. उन्हाळी आवर्तन लांबलं की तो लांबतो. मंगोलिया-सैबेरियाकडून, तिबेटच्या पठारावरून, कच्छच्या रणातून येणाऱ्या पक्ष्यांचा हिवाळा सोलापूरच्या एका मीटिंगवर अवलंबून असतो, हे गुरुजींना फार गमतीचं वाटतं.

अशी मानवनिर्मित पाणथळं महाराष्ट्राच्या पठारावर आणखीही आहेत. पैठणचा नाथसागर धरणाचाच. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याचं, आणि तेच 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. पक्ष्याला पाणी कुणी अडवलं याच्याशी देणंघेणं नसतं.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, 1987 पासून. गुरुजी भिगवणला मोजायला उभे राहतात. हजारोंचा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा मोजायचे, ते किती जागा घेतात हे डोळ्यात भरायचं, त्याचे शंभर करायचे आणि तेवढा तुकडा थव्यावर टाकत जायचं. शाळेत पाढे शिकवलेला माणूस इथे रमणारच. तेवढ्यात पाणथळीवरून दलदली ससाणा घिरटी घालतो, सगळा थवा उठतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

हिवाळा सरता सरता कुरवांचं एक सुंदर कोडं सुटताना दिसतं. तपकिरी डोक्याचा कुरव इथे येतो तेव्हा त्याचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे नुसता एक डाग. नवखा माणूस पुस्तकातलं चित्र बघून गोंधळतो. मार्च-एप्रिलमध्ये हळूहळू डोकं तपकिरी होत जातं, आणि ते पूर्ण रंगायच्या सुमाराला कुरव उत्तरेला निघून जातात. नावाला शोभेल असं रूप आपल्याला जेमतेम महिनाभर मिळतं. मधल्या काळात मात्र काही हौशी मंडळी होडीतून गाठी-शेव उधळून त्यांचे फोटो काढतात. गुरुजी ज्या होडीत बसतात तिथला पोरगा आता हे करू देत नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल, म्हणतो.

हे पाणी गोंडस नाही, हेही त्या पोरांना कुणी सांगावं लागत नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून इथेच येतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, वास मारतं. शेवाळ वाढतं म्हणून काही पक्ष्यांचं फावतं, पण हेच पाणी पुढे माणसं पितात. रात्री वाळू उपसणाऱ्या बोटी चालतात आणि महसूलची पथकं त्या जिलेटिन लावून उडवतात. वाराही बेभरवशाचा. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. करमाळा-इंदापूरच्या लोकांना हे पाणी ओलांडणं म्हणजे रोजचा रस्ता. त्यानंतर गुरुजी लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवत नाहीत, आणि बाईंना फोटो पाठवतात तो आधी जॅकेटचा.

उन्हाळा तापला की ते काठ सोडून झाडांखाली जातात. भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत असते, आणि इंदापूरच्या जुन्या तहसील कचेरीच्या आवारात चिंचांवर. मार्च-एप्रिलमध्ये चिंचेखाली उभं राहिलं की वर सतत चोचींचा कडकडाट. पिलं भुकेनं ओरडत असतात, आणि आई-बाप उजनीच्या उथळ पाण्यातून मासे गिळून आणून घरट्यात ओकतात. त्यातला एखादा निसटून खाली पडतो. कडक उन्हात सातबारा काढायला आलेले लोक डोक्यावर फायली धरून झाडाखालून पळतात. लहानपणी गुरुजी वडिलांबरोबर कागदांसाठी इथे यायचे आणि याच सावलीत भाकरी सोडून बसायचे. गेल्या उन्हाळ्यात नातीला घरटी दाखवायला नेलं तेव्हा तिच्या पायाशी हातभर अंतरावर एक चिलापी पडली, अजून वळवळणारी. “आबा, ही आपल्या शेतातली असंल का?” तिने विचारलं. आबांनी वर बघितलं, दक्षिण-उत्तर लावली, आणि चित्रबलाक कोणत्या बाजूने आला ते हात करून दाखवलं. मग दोघंही छत्री उघडून पुढच्या झाडाकडे गेले, कारण मागच्या फांदीवर आणखी दोन पक्षी नेमके त्यांच्या डोक्यावर येऊन बसले होते.