गुरूचे शिकणे
बास्केटबॉलशी आमचा संबंध वृत्तपत्राच्या क्रीडापृष्ठापुरता. तरीही जॉन वुडन ह्या अमेरिकन शिक्षकाची हकीकत वाचताना आम्ही त्या खेळात गुंतून गेलो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ते १९४८ साली आले. पहिले राष्ट्रीय विजेतेपद लाभावयास १९६४ साल उजाडले. त्या संघातील मुख्य पाच जणांत ६ फूट ५ इंचांहून उंच कोणीच नव्हता. तेव्हा साहाय्यक जेरी नॉर्मन ह्यांच्या आग्रहावरून प्रतिपक्षाला मैदानभर कोंडण्याचा डाव वुडननी स्वीकारला होता. पन्नाशी उलटलेल्या गुरूने कनिष्ठाचे ऐकावे, हे आमच्याकडे किती दुर्मिळ! पुढे ७ फुटांहून उंच ल्यू अल्सिंडर, म्हणजेच नंतरचे करीम अब्दुल-जब्बार, शिष्य म्हणून आले. मधल्या खेळाडूला टोपलीपासून दूर ठेवणारी आपली जुनी रचना वुडननी मोडली व त्यांना टोपलीनिकट उभे केले. १९६७ ते १९६९ अशी लागोपाठ तीन विजेतेपदे आली. ते गेल्यावर जुनी रचना पुन्हा बाहेर निघाली. १९७५ साली निवृत्त होईतो विजेतेपदे १० झाली होती. पायमोजे सुरकुती न पडू देता कसे चढवावेत, हा पहिल्या दिवसाचा पाठ मात्र वर्षानुवर्षे तोच राहिला.