हाल

पाचोडच्या मोसंबी बाजारात व्यापारी ढिगातलं एक फळ उचलतो, तळहातावर तोलतो, अंगठ्यानं साल दाबून बघतो आणि भाव बोलायच्या आधी विचारतो, "क्या हाल है, पाटील?" पाटील म्हणतात, "नुसते हाल हायेत, भाई." एकाचा हाल दुसऱ्याचा नव्हे, पण सौदा त्यावरून अडत नाही.

अरबीत हाल म्हणजे नुसती स्थिती. बरी की वाईट, ते पुढं कळायचं. फारसी-उर्दूच्या वाटेनं शब्द आपल्याकडं आला आणि आपण तो थेट दुःखाच्या दावणीला बांधला. 'त्याचे हाल झाले' म्हटल्यावर 'चांगले का वाईट?' असं कुणी विचारत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरनं पाणी घालूनही मराठवाड्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, ते हाल. जुना अर्थ मात्र पुरता मेला नाही. 'खुशाल'मध्ये तो दडून बसलाय, 'बहाल'मध्येही. निजामाच्या राज्यात चालू नाण्याला हाली सिक्का म्हणत, इंग्रजांचा तो कलदार. आपलं 'हल्ली' या हालीचंच भावंड.

इथवर रक्ताचं नातं. पुढं निव्वळ योगायोग. कन्नडमध्ये 'हालु' म्हणजे दूध. तमिळमध्ये ते अजून 'पाल'च आहे, कन्नडनं 'प'चा 'ह' केला. (तमिळ पोराला आपला गोपाळ दुधाचाच वाटत असेल.) हंगेरीत याच अक्षरांचा मासा होतो. तुर्कांकडं तर दोन हाल: एक आपल्यासारखाच अरबीतून आलेला, दुसरा फ्रेंचांकडून घेतलेला, फळभाज्यांचा घाऊक बाजार. म्हणजे इस्तंबूलचा एखादा फळवाला पाचोडला उतरला, तर मोसंबीच्या ढिगांकडं बघून 'हाल' म्हणेल आणि पाटील लगेच मान डोलावतील.

पाचोड ज्या तालुक्यात आहे, त्या पैठणचा सातवाहन घराण्यातला एक राजाच हाल नावाचा होता. 'सातवाहन' हे नावच प्राकृतात झिजत झिजत हाल झालं, असं मानणारे अभ्यासक आहेत. अरबी शब्द इकडं पोचायला त्यानंतर हजारावर वर्षं जायची होती, तेव्हा नात्यागोत्याचा प्रश्नच नाही. तरीही या राजानं जमवलेला म्हणतात तो सातशे गाथांचा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह चाळावा, तर पानोपानी नवरा परगावी गेलेल्या, वाटेकडं डोळे लावून बसलेल्या बायका. इतक्या जणींचे हाल हालाच्याच नावावर जमा व्हावेत, याचं मला दर वेळी हसू येतं.